माझ्या नावावरच्या कॅलरीज

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

रिपोर्ट आले. माझा आणि आईचा. आम्ही दोघं रक्त एकत्रच देतो, फॅमिली पॅकेजमध्ये स्वस्त पडतं. तीन महिन्यांची सरासरी साखर माझी ७.१. मी डॉ. संघमित्रांना म्हटलं, म्हणजे बॉर्डरवर. त्या म्हणाल्या, मिस्टर परब, बॉर्डर गेल्या वर्षी होती. आता तुम्ही बरेच आत आला आहात.

डॉक्टरांनी विनोद करू नयेत.

आईची ८.२. पण आई बहात्तर वर्षांची आहे, या वयात एवढं असायचंच. शिवाय दिवसभर सोफ्यावर. गुडघे दुखतात म्हणून खाली उतरत नाही, आणि उतरली तरी मुलुंडमध्ये भांडायला आपल्या गावचं कोणी नाही, असं तिचं म्हणणं.

परत येताना बायकोने, सुलक्षणाने, माझ्या बाबांचा विषय काढला. मी म्हटलं, आत्ता नको, ट्रॅफिक आहे. (रिक्षा रिक्षावाला चालवत होता. तरी.)

उद्यापासून व्यायाम. फायनल.

५ नोव्हेंबर, बुधवार

व्यायामाचा सखोल विचार केला. चालायला जावं तर कुत्री. जिममध्ये आरसे. योगाला बसलो की झोप लागते. राहता राहिला डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट. कपाटात पडून आहे, त्यात बॉक्सिंगचा गेम आहे, समोर खराखुरा वाटणारा माणूस उभा राहतो आणि त्याला बुकलायचं. किती कॅलरीज जळल्या ते फोनवर आपोआप येतं.

अडचण एकच. हेडसेट जुना झालाय. इलॅस्टिक सैल, भिंगांवर वाफ धरते, हातातले कंट्रोलर सेल खातात. आता नवं मॉडेल आलंय. ऑफिसातल्या परेशने घेतलंसुद्धा. तब्येतीच्या बाबतीत जुनी टेक्नॉलॉजी वापरणं म्हणजे जिवाशी खेळ.

सुलक्षणाला बारा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन दिलं. ती शाळेत मराठी शिकवते. आधी तिने शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग म्हणाली, जुन्यावर सुरुवात कर. फेब्रुवारीत परत टेस्ट आहे. या घरात साखर खाली आली की नवा हेडसेट आणू. माझा शब्द.

तीन महिने! नवा हेडसेट आलाच म्हणून समजायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

शुभारंभ. (बुधवार ते शनिवार मानसिक तयारी.) डायनिंग टेबल सरकवलं. हेडसेट घातला, जमिनीवर बाउंड्री आखून घेतली. समोर टक्कल पडलेला एक धिप्पाड गडी. पहिल्या राउंडमध्ये मी त्याचा अभ्यास केला. त्यानेही माझा केला. दुसऱ्या राउंडमध्ये भिंगांवर वाफ आली, तिसऱ्यात मी सोफ्यात होतो. जुना हेडसेट, दुसरं काय.

आई बघत होती. म्हणाली, वाऱ्याक कित्याक मारतंस? तिला टेक्नॉलॉजी कळावी म्हणून दोन मिनिटं तिच्या डोक्यावर हेडसेट चढवला. ती किंचाळली, अगो बाय माझे, ही तर आमची थोरली! थोरली म्हणजे गावची काकू, आईची मोठी जाऊ. टकल्याचं आणि काकूचं साम्य माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, पण हनुवटीत आहे. या काकूने हद्दीचा गडगा सरकवून आमची तीन काजूची झाडं (आईच्या भाषेत काजी) स्वतःच्या बाजूला घेतली, त्याला तीस वर्षं झाली.

आईने एक ठोसा मारला. मी लगेच हेडसेट काढून घेतला. म्हटलं, चक्कर येईल, तुझ्या वयात हे झेपायचं नाही. तू आपली सिरियल बघ.

सहा मिनिटं झाली. सुरुवातीला एवढं पुष्कळ.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चमत्कार. आज ऑफिसात क्लेम्सच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. मोबाइल टुणकन वाजला. हेडसेटचं अ‍ॅप. 'शाब्बास चंद्रप्रकाश! आज तुम्ही २१० कॅलरीज जाळल्या!'

मी तर खुर्चीत होतो.

दुपारभर नेटवर वाचलं. व्यायाम थांबवल्यावरही शरीर जळतच राहतं, त्याला आफ्टरबर्न म्हणतात. रविवारच्या सहा मिनिटांचा आफ्टरबर्न शुक्रवारपर्यंत चालला असणार. माझं शरीर मुळात वेगळं आहे हे मी कॉलेजपासून म्हणतोय.

परेशला दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या घरी कुणीतरी खेळत असेल रे. मी हसलो. घरी दोन बायका. एक शाळेतून दीडला दमून येते, दुसरीला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय आहे.

कॅलरीज शिलकीत होत्या म्हणून विक्रोळी स्टेशनबाहेर एक वडापाव. हिशोबाने बसतो. खरं तर दोन बसतात. दोन खाल्ले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खालच्या मजल्यावरचे जयंतीभाई जिन्यात भेटले. म्हणाले, परबभाई, दुपारे तुमच्या घरमधून धडाम धडाम आवाज येते. माझा झोपेचा टाइम असते. मी त्यांना समजावलं, दुपारी घरात फक्त म्हातारी आई असते. म्हणाले, आवाज आणखी पण येते, कोणीतरी ओरडते, 'घे गो, घे!'

जयंतीभाईंचं वय झालं. कानांत असे आवाज येणं हे पहिलं लक्षण. सहानुभूतीने पाठ थोपटली. त्यांना ते आवडलं नाही.

अ‍ॅप: २६०. मी: एक समोसा. वजनाचा काटा खोटं बोलतोय, त्याचे सेल बदलायला हवेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सुलक्षणा डबा भरताना म्हणाली, अरे ऐक ना, दुपारी आई तुझा तो... मी तिथेच थांबवलं. सासू-सुनेच्या भानगडीत मी पडत नाही, हे लग्नातच ठरलंय. ती म्हणाली, भानगड नाही रे, आई रोज... मी डबा घेऊन निघालो. घरातली शांतता टिकवायची तर माणसाने योग्य वेळी बाहेर पडावं.

डब्यात दुधीची भाजी होती. आफ्टरबर्नवर जगणाऱ्या माणसाला दुधी!

३० नोव्हेंबर, रविवार

आई म्हणाली, चंदू, त्या यंत्राचे सेल आण, संपलेत. मी भिंतीवरच्या घड्याळात नवे सेल घातले. घड्याळ चालूच होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बापाशीवर गेलास.

संध्याकाळी हेडसेट काढला तर कंट्रोलरचे सेलही उतरलेले. मी तर तीन आठवड्यांत हात लावलेला नाही! कपाटात पडल्या पडल्या सेल पितोय हा डबा. नव्या हेडसेटच्या बाजूने आणखी एक मुद्दा. स्लाइड क्रमांक तेरा.

शिवाय इलॅस्टिकला खोबरेल तेलाचा वास येतो. जुना फोम सडायला लागला की असा वास येत असणार.

७ डिसेंबर, रविवार

परेशकडे घाटकोपरला गेलो. नवं मॉडेल प्रत्यक्ष पाहिलं. काय सांगू! हेडसेट घातलेला असतानाही आजूबाजूची खोली रंगीत दिसते. माझ्या डब्यातून करड्या धुक्यात कोण उभं आहे तेही कळत नाही.

परेशने गेम लावला. पहिलाच ठोसा मी असा हाणला की त्यांच्या शोकेसची काच गेली. आत त्याच्या बायकोच्या शाळेतल्या ट्रॉफ्या होत्या. नमितावहिनी झाडू घेऊन आल्या. मी त्यांना म्हटलं, चित्र इतकं स्पष्ट आहे की माणूस वाहवत जातो. हा दोष म्हणता येणार नाही, ही त्या मॉडेलची ताकद आहे. परेश म्हणाला, मग ती ताकद तुझ्या घरी वापर.

चहा अर्धाच आला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हेडसेटवरून निरोप: 'अभिनंदन चंद्रप्रकाश! तुम्ही प्रो लेव्हलला पोचलात!' वेळ दुपारी पावणेतीन. मी तेव्हा कँटीनमध्ये होतो.

आता लक्षात येतंय. ही मशिन्स नुसते हात मोजत नाहीत, आतली क्षमता ओळखतात. परेश म्हणाला, चंदू, घरी फोन करून विचार तरी. मी म्हटलं, तुला शोकेसचा राग आहे.

प्रो माणूस जुन्या हेडसेटवर खेळतो हे बरं दिसतं का? नवा घेतलाच पाहिजे. फेब्रुवारीपर्यंत थांबणं म्हणजे गुणांची नासाडी. पण सुलक्षणाचा शब्द म्हणजे शब्द, शाळेतही ती तो फिरवत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आज प्रो लेव्हलवर उतरलो. समोर वेगळाच गडी, दंडावर गोंदलेलं. घंटा वाजली. मी हात वर करेपर्यंत छताकडे बघत आडवा. पुन्हा उठलो. पुन्हा आडवा. गेममधला पंच बहुधा हसत होता.

निदान पक्कं: ट्रॅकिंग गेलंय. माझा हात मी हलवतो आणि हेडसेटला ते नंतर कळतं. शिवाय आज सगळे गडी नेहमीपेक्षा उंच दिसत होते. सेटिंगमध्ये माझी उंची चार फूट दहा इंच दाखवतेय! मी पाच फूट सात आहे. इतकी चूक करणाऱ्या यंत्रावर विश्वास तरी कसा ठेवायचा? (कॅलरीज मात्र बरोबर मोजतो. तो वेगळा सेन्सर असतो.)

आई सोफ्यावरून म्हणाली, डावो हात खाली पडता तुझो. तोंडार धर. मी म्हटलं, आई, तू सिरियल बघ. म्हणाली, उजव्यान मारूच्या आधी पाय बदल मरे. सिरियलमध्ये हल्ली काय काय दाखवतात!

३१ डिसेंबर, बुधवार

वर्षअखेरचा आढावा. दोन महिन्यांत अ‍ॅपप्रमाणे मी जे जाळलं त्यात एक लहान माणूस वितळला असता. पँट मात्र कंबरेत घट्ट. परेशच्या मते चरबी गेली की स्नायू येतात आणि स्नायू जागा घेतात. (त्याने हे हसत सांगितलं, पण मुद्दा शास्त्रीय आहे.)

नव्या वर्षाचे संकल्प: १) गोड बंद. २) उद्यापासून. कारण आज सुलक्षणाने केक आणलाय. पाहुणे येणार म्हणून आणला होता. पाहुणे आले नाहीत. केकचा काय दोष?

आईने केकला हात लावला नाही. आग्रह केला तर म्हणाली, तोंडाक गोड लागता मरे, मगे हात जड होतत. तिला कधीपासून हात जड व्हायची काळजी?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ऑफिसात अठरा जणांनी तिळगूळ दिला. 'गोड बोला' म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? घेतला. खाल्ला. गोड बोललो.

अ‍ॅप: ३४०. बरोबरी झाली.

१८ जानेवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग. जयंतीभाईंनी विषय लेखी दिला होता: तिसऱ्या मजल्यावरचा दुपारचा त्रास. मी उभा राहून वीस मिनिटं बोललो. एका सभ्य कुटुंबावर, एका आजारी, गुडघेदुखीच्या वृद्ध मातेवर असे आरोप! मातेला मुद्दाम खाली आणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. दोन-तीन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जयंतीभाईंना माफी मागायला लावली.

वर येताना आई लिफ्टजवळ थांबली. मी लिफ्टचं बटण दाबत होतो, ती जिन्याने निघून गेली. मी पोचलो तेव्हा दार उघडून आत पाणी पीत होती. म्हणाली, बिचाऱ्याक कित्याक माफी मागूक लावलंस? तो खरा सांगी होतो.

आईचं मन फार मोठं. शत्रूचीसुद्धा बाजू घेते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. मी आणि आई. लॅबमधल्या मुलीने आईला हात धरून उठवायला हात पुढे केला तर आई म्हणाली, माका काय धाड नाय भरली.

परेशला नव्या मॉडेलचा रंग विचारून ठेवला. काळा की पांढरा? पांढरा लवकर मळतो. काळा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मंजुळा परब: ६.८.
चंद्रप्रकाश परब: ७.९.

रिपोर्ट अदलाबदल झालेत. इतकं उघड आहे की राग येण्याऐवजी हसू आलं. परब-परब गोंधळ. सुलक्षणाला म्हटलं, बघ, माझी ६.८, ऑर्डर टाक. ती म्हणाली, चंदू, बस जरा. तुला खरंच माहीत नाही? मी म्हटलं, बसायला वेळ नाही, लॅब सात वाजता बंद होते.

७ फेब्रुवारी, शनिवार

लॅबमध्ये आवाज चढवला. मॅनेजर आले. ट्यूबवरची चिकटपट्टी दाखवली, वेळ दाखवली, मी केलेली सही दाखवली. मी म्हटलं, सही माझी आहे, साखर माझी नाही. रांगेतले लोक ऐकत होते. एक आजोबा म्हणाले, आमच्यात पण सगळे असंच म्हणतात.

सोमवारी पुन्हा रक्त घेणार. फुकट. एवढं तरी मिळवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी रक्त दिलं. ऑफिसला गेलोच नाही, मुलुंडमध्येच इकडेतिकडे केलं. दुपारी फोनवर आकडा आला. ७.९.

घरी यायला निघालो. अडीच वाजले असतील. जिन्यातच आवाज ऐकू आला. धडाम. धडाम. आणि मग, घे गो, घे! काजी व्हये तुका? घे काजी!

दार लोटलं. डायनिंग टेबल भिंतीला. मधोमध आई. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर हेडसेट, तो अंबाड्यावरून खाली सरकू नये म्हणून वरून रुमाल बांधलेला. मागे आधाराला खुर्ची. सुलक्षणा सोफ्यावर वह्या तपासत बसलेली, मध्येच टीव्हीवर गेमचं चित्र बघून म्हणत होती, आई, उजवीकडून येतोय हां.

मी म्हटलं, आई! आणि पुढे गेलो. ती आवाजाच्या दिशेने वळली आणि मारली.

कंट्रोलर नाकावर बसला. रक्त आलं. सुलक्षणाने फ्रीजमधली कोळंबीची पिशवी नाकावर ठेवली. आईने हेडसेट काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बाउंड्रीत कित्याक इलंस?

त्याच दिवशी, संध्याकाळी

सगळं ऐकून घेतलं. नाकात कापूस असल्यामुळे मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

मी तिच्या डोक्यावर हेडसेट चढवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सुलक्षणाला सांगितलं, माका परत थोरलेक बघूचा आसा. आधी खुर्चीत बसून दोन मिनिटं. मग उभं राहून. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, खुर्ची जवळ ठेवा आणि खुशाल मारा. लपवलं कुणीच नव्हतं. सुलक्षणा म्हणाली, मी तुला चार वेळा सांगायला गेले. आई म्हणाली, सेल मागलंय मी माझे, तुया घड्याळाक घातलंस. परेशनेही सांगितलं. जयंतीभाईंनी तर लेखी दिलं होतं.

मी विचारलं, मग मी रोज वडापाव खातोय हे तुम्हाला माहीत नव्हतं?

हे विचारायला नको होतं. सुलक्षणाने पेनाचं टोपण लावलं.

आई म्हणाली, माझ्या घामावर खात होतंस? मग म्हणाली, तुझो बापूस पण असोच हसान सांगी, माका काय एक जावचा नाय. कंपनीच्या कँटीनमधले लाडू खिशातसून आणी. मगे दोन वरसां मी थंय बाकड्यार बसान काढलंय, तुका ठावक आसा.

ठाऊक आहे. डायलिसिसच्या दाराबाहेरचं बाकडं. हिरवं. मी तिला सोडून ऑफिसला जायचो आणि संध्याकाळी न्यायला यायचो. मधलं मी कधी विचारलं नाही.

नाक दुखतंय. इथेच थांबतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉ. संघमित्रा. गोळ्या सुरू. सकाळ-संध्याकाळ. आईच्या गोळ्या निम्म्या केल्या. मी त्यांना सांगितलं की आमच्या घराची सरासरी काढली तर सुधारणाच आहे. त्यांनी नाकाकडे बघून विचारलं, हे कशाने? आई म्हणाली, माझ्यान.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तोंड फिरवून खोकल्या.

जयंतीभाईंकडे माफी मागायला गेलो. ते म्हणाले, छोडो परबभाई, मला खाली बसून पण समजायचा कोण जिंकते. आता आवाज नाही आला तर फिकर होते. आईसाठी ढोकळा दिला. आईसाठी, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा विचार केला. सुलक्षणाचे शब्द काय होते? 'या घरात साखर खाली आली की.' 'चंदूची' असं ती म्हणालीच नव्हती. मराठीच्या बाई आहेत, शब्द तोलूनच वापरतात. साखर खाली आलेली आहे. तेव्हा नवा हेडसेट यायलाच हवा. तो आईला द्यायचा, जुना आपसूक माझ्याकडे. थोड्या दिवसांनी आईला म्हणायचं, अदलाबदल करू.

सुलक्षणा म्हणाली, शब्द माझाच आहे, आई हो म्हणाल्या तर आजच मागवू.

आईला अठरा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन दिलं. रंगीत दिसतं, हलका आहे, भिंगांवर वाफ धरत नाही. तिने शेवटपर्यंत बघितलं. मग जुना हेडसेट मांडीवर घेतला, इलॅस्टिकला तिने स्वतः दोऱ्याने चिमटी घातली होती ती दाखवली आणि म्हणाली, ह्यो माझ्या डोक्याक बसलोहा. नवो हाडशात तर थोरलेचा तोंड बदलात. माका तीच व्हयी.

मी म्हटलं, नव्यात काकू जास्त स्पष्ट दिसेल. क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, नको. स्पष्ट दिसली तर दया येतली.

अपग्रेड रद्द. कायमचा. तीन महिन्यांचा अभ्यास पाण्यात.

वेळापत्रक ठरलं: दुपारी आई, संध्याकाळी मी. माझी उंची सेटिंगमध्ये परत घातली. आईने दुपारी काढून टाकली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई शिमग्याला गावी निघाली. आठ वर्षांनी. गुडघ्यांमुळे जात नव्हती असं आम्ही समजत होतो. रात्रीच्या बसने जायचं म्हणून काल सकाळीच बॅग भरली. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, हेडसेट.

मी म्हटलं, आई, हेडसेट कशाला? म्हणाली, थोरलेक दाखवूचो आसा, मी तिका किती मारलंय ता.

म्हटलं, मग मी व्यायाम कसा करू? तिने चार्जर मागितला. दिला.

बस लागली तेव्हा खिडकीतून म्हणाली, गोळी घेतलंस? घेतली नव्हती. घेतली म्हणालो. तिने हात बाहेर काढून पाण्याची बाटली पुढे केली. तिच्यासमोर घेतली.

८ मार्च, रविवार

गेले नऊ दिवस गोळ्या नियमित. वडापाव एक. (तो परेशने घेतला होता, मी फक्त संपवला.) चालायला एकदा गेलो, सोसायटीच्या गेटपर्यंत. गेटवर कुत्रं होतं. त्याने मान वर केली नाही, पण इरादा कळतो.

अ‍ॅप आज दुपारी पाचशेच्या वर गेलं. घाबरलो. आईला एवढं झेपायचं नाही. व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या कुठल्याशा पोराने उचलला. गावचं अंगण, शेणाने सारवलेलं. मधोमध काकू. हेडसेट काकूच्या डोक्यावर, पंच्याहत्तरीची बाई, हवेत दणादण हात चालवतेय आणि शिव्या देतेय. तिला समोर कोण दिसत असणार हे विचारायची गरज नव्हती. आणि आई मागे उभी राहून, ती पडू नये म्हणून दोन्ही हातांनी तिची कंबर धरून हसतेय. इतकी की पदर तोंडाला लावला होता.

मी विचारलं, काजूच्या झाडांचं काय झालं? आई म्हणाली, थंयच आसत. खंय जातली?

मग फोन जवळ घेतला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. म्हणाली, आता तू. उभो रव.

मी म्हटलं, आई, हेडसेट तिकडे आहे.

म्हणाली, आणि हात खंय आसत?

सुलक्षणाने माझा फोन घेऊन समोर धरला. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो. समोर कोणी नाही. टकल्या नाही, काकू नाही, नुसता पंखा आणि कपाट. आई तिकडून सांगत होती, डावो वर, पाय बदल, आता मार. मारला. रिकाम्या हवेत मारताना फार विचित्र वाटतं. जोर लागतोय की नाही तेही कळत नाही.

चार मिनिटांनी थांबलो. दमलो म्हणून नाही. फोन धरून सुलक्षणाचा हात दुखायला लागला होता.

कपाळावरून काहीतरी डोळ्यात गेलं, चुरचुरलं. रुमाल काढला तर आई तिकडून ओरडली, पुसू नको रे. माका बघूंदे.